संगणकातील पृथ्वी आणि खानदेशचा पाऊस

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो. पहिल्या पावसावर कापसाची लागवड करावी, की जमीन पुरती भिजेपर्यंत थांबावे? लवकर लावलेला कापूस साधला तर पीक जोमदार येते; परंतु पहिल्या सरींनंतर पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली तर दुबार पेरणीची पाळी येते आणि बियाण्याचा खर्च मातीत जातो. हा निर्णय एका शेतापुरता असला तरी त्याचे बरेवाईट ठरविणाऱ्या घटना त्या शेतापासून हजारो किलोमीटर दूर घडत असतात. प्रशांत महासागराचे पाणी किती तापले आहे, अरबी समुद्रावरील वारे किती बाष्प घेऊन निघाले आहेत, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत आहे किंवा नाही, यांवर खानदेशचा पाऊस अवलंबून असतो.

समुद्र, वायुमंडल, जमीन, बर्फ आणि वनस्पती यांचा हा परस्परसंबंध एकत्रितपणे अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञांनी संगणकात पृथ्वीची गणिती प्रतिकृती उभी केली आहे. तिला ‘पृथ्वी प्रणाली प्रतिमान’ किंवा ‘अर्थ सिस्टिम मॉडेल’ म्हणतात. असे एक प्रतिमान पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झाले आहे. ते कसे चालते, त्यातून काय कळते आणि काय कळू शकत नाही, हे समजून घेणे पावसावर जगणाऱ्या खानदेशच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

दोन समुद्रांचा पाऊस

खानदेशची भूरचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेच्या अंगास सह्याद्रीचे फाटे आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी ही ७२४ किलोमीटर लांबीची नदी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून गुजरातेत उतरते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्या तिला येऊन मिळतात.

अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचे बरेचसे बाष्प सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच रिते होते. त्यामुळे धुळे जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत सापडतो. उलट, बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे तापीच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पाडतात. म्हणजेच खानदेशच्या पावसाचा हिशेब दोन समुद्रांशी जोडलेला आहे. एका समुद्राची वा एका डोंगररांगेची पाहणी करून हा हिशेब पुरा होत नाही.

या दोन समुद्रांपलीकडेही एक दुवा आहे. विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते, तेव्हा त्या स्थितीला ‘एल निनो’ म्हणतात. अशा वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा राहिलेला १९७२ चा दुष्काळ एल निनोच्याच वर्षात पडला. परंतु १९९७ साली अत्यंत तीव्र एल निनो असतानाही देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणी अधिक तापलेले होते आणि त्याने एल निनोच्या परिणामाला बऱ्याच अंशी अटकाव केला, असे मानले जाते. एका कारणावरून एक निष्कर्ष काढण्याची रीत येथे अपुरी पडते. सर्व कारणांचा एकमेकांवर होणारा परिणाम एकाच वेळी मोजावा लागतो.

गणिताची पूर्वपीठिका

हवेचे भाकीत गणिताने करता येईल, ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांनी सहा तासांतील हवेच्या बदलाचे गणित हाताने केले. त्यास कित्येक आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. साऱ्या जगाच्या हवेचे गणित वेळेवर करावयाचे तर एका प्रचंड सभागृहात ६४ हजार माणसे आकडेमोड करीत बसवावी लागतील, असे चित्र त्यांनी रेखाटले होते. माणसांऐवजी यंत्राने हे काम प्रथम केले ते १९५० साली. अमेरिकेतील ‘एनियाक’ या संगणकावर चोवीस तासांचे भाकीत करण्यात आले. मात्र त्यासाठी सुमारे चोवीस तासच लागले.

पुढे वायुमंडल आणि महासागर यांची गणिते एकत्र जोडण्याचे काम स्युकुरो मानाबे व कर्क ब्रायन यांनी १९६९ साली केले. हवामानाच्या अशा गणिती अभ्यासाबद्दल मानाबे यांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जपानने २००२ साली योकोहामा येथे ‘अर्थ सिम्युलेटर’ नावाचा महासंगणक खास याच कामासाठी उभारला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ जगातील सर्वांत वेगवान संगणक होता.

भारतात प्रारंभीची वाट वेगळी होती. मोसमी पावसाच्या भाकितासाठी येथे प्रदीर्घ काळ संख्याशास्त्राचा आधार घेण्यात आला. भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून १९०४ साली सूत्रे घेणारे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील हवेचा दाब आणि भारतातील पाऊस यांचा संबंध शोधला. त्याच परंपरेत डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेली पद्धत विकसित केली आणि १९८८ पासून ती वापरात आली. अनेक वर्षे तिने चांगली साथ दिली. परंतु २००२ साली देशाचा पाऊस सर्वसाधारण राहील असे भाकीत असताना जुलै महिन्यात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम १९ टक्के तुटीवर संपला. मागील वर्षांच्या अनुभवावर रचलेली पद्धत, अनुभवाबाहेरचे वर्ष आले की हतबल होते, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. भौतिकशास्त्राच्या नियमांवर चालणाऱ्या प्रतिमानांची निकड त्यानंतर अधिक प्रकर्षाने जाणवू लागली.

प्रतिमानाची घडण

पृथ्वीचे प्रतिमान तयार करताना प्रथम भूगोलाच्या पृष्ठभागावर चौकटींचे जाळे आखले जाते. प्रत्येक चौकटीवर वायुमंडलाचे अनेक थर, समुद्र असेल तेथे खाली पाण्याचे थर आणि जमीन असेल तेथे मातीचे थर मानले जातात. अशा रीतीने पृथ्वी लक्षावधी खणांत विभागली जाते. प्रत्येक खणातील तापमान, दाब, बाष्प, वाऱ्याचा वेग व दिशा, समुद्रात क्षारता व प्रवाह, जमिनीत ओलावा, असे आकडे संगणकाला पुरविले जातात. त्यानंतर गतीचे, उष्णतेचे आणि वस्तुमानाच्या अक्षय्यतेचे नियम समीकरणांच्या रूपाने लावून, काही मिनिटांनंतर प्रत्येक खणात काय बदल होईल हे संगणक काढतो. आलेले उत्तर पुढील टप्प्याचा आरंभ ठरते. हीच क्रिया पुनःपुन्हा करीत दिवस, महिने, वर्षे आणि शतकेही पुढे नेता येतात.

या गणितात कोणताही घटक एकटा नसतो. समुद्र तापला की बाष्प वाढते. बाष्पातून ढग बनतात. ढग सूर्याची उष्णता अडवितात. पाऊस पडला की माती ओली होते. ओली माती व हिरवे रान पुन्हा हवेत बाष्प सोडतात. वनस्पती व समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि त्याचे हवेतील प्रमाण बदलले की तापमान बदलते. हे सर्व हिशेब एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणूनच अशा प्रतिमानाला केवळ हवेचे प्रतिमान न म्हणता पृथ्वी प्रणालीचे प्रतिमान म्हटले जाते.

तथापि, एका चौकटीच्या आत काय चालले आहे हे प्रतिमानाला दिसत नाही. गडगडाटी ढग काही किलोमीटरचाच असतो. अशा लहान घडामोडींसाठी अनुभवसिद्ध सूत्रे वापरून सरासरी परिणाम घ्यावा लागतो. प्रतिमानांतील पुष्कळशा चुका याच ठिकाणी उद्भवतात. भारतीय भूमीवरील मोसमी पाऊस अनेक प्रतिमानांत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, ही त्रुटी शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सतावीत आली आहे.

पुण्यातील प्रयत्न

भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना १९६२ साली पुण्यात झाली. तेथे २००९ साली हवामान बदल संशोधन केंद्र सुरू करण्यात आले. अमेरिकेत हंगामी भाकितासाठी वापरले जाणारे एक प्रतिमान आधाराला घेऊन, त्यातील महासागराचा भाग बदलून, समुद्रातील जीवसृष्टी व कार्बनचक्र त्यात जोडून या केंद्राने पृथ्वी प्रणालीचे प्रतिमान सिद्ध केले. डॉ. आर. कृष्णन, डॉ. स्वप्ना पनिक्कल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रतिमानाचे निष्कर्ष हवामान बदलविषयक आंतरराष्ट्रीय तुलनेत समाविष्ट झाले. याच तुलनेचा आधार आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या सहाव्या अहवालाला आहे. अशा तुलनेत भारतीय प्रतिमान प्रथमच सहभागी झाले.

समांतर रीतीने केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०१२ मध्ये ‘मान्सून मिशन’ हाती घेतले. त्यातून विकसित झालेले, समुद्र व हवा यांना एकत्र जोडणारे प्रतिमान २०१७ पासून हंगामी भाकितासाठी प्रत्यक्ष वापरात आले. गणिताची गरज वाढत गेली तशी यंत्रेही वाढली. जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात ‘प्रत्युष’ हा महासंगणक राष्ट्रार्पण करण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. रिचर्डसन यांच्या सभागृहाशी तुलना केली तर या वाढीची कल्पना येईल.

जाळे जितके बारीक

या शक्तीचा खानदेशला काय उपयोग, हे जाळ्याच्या मापावरून कळते. जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे. शतकभराच्या हवामानाचे गणित करणाऱ्या पृथ्वी प्रणाली प्रतिमानात वायुमंडलाची चौकट सुमारे २०० किलोमीटर बाजूची असते. तीत जळगाव जिल्हा एका चौकटीचा तिसरा हिस्साही भरत नाही. सातपुडा, तापीचे खोरे आणि अजिंठ्याच्या रांगा एकाच सरासरी उंचीत मिसळून जातात. हंगामी भाकितासाठी वापरलेल्या ३८ किलोमीटरच्या जाळ्यात जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे आठ चौकटी येतात. १२ किलोमीटरच्या जाळ्यात सुमारे ८२. आणि २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’च्या सहा किलोमीटरच्या जाळ्यात सुमारे ३२७. येथे पोहोचल्यावर रावेर आणि चाळीसगाव, साक्री आणि शिरपूर हे तालुके गणितात वेगवेगळे दिसू लागतात.

परंतु जाळे बारीक करणे फार महाग असते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते. शिवाय काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो. त्यामुळे काम आठपट वाढते. म्हणूनच सहा किलोमीटरचे जाळे काही दिवसांच्या भाकितासाठी आणि २०० किलोमीटरचे जाळे शतकाच्या गणितासाठी, अशी विभागणी आजही करावी लागते.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

प्रतिमानाचे उत्तर किती दिवसांपुढचे आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो. पहिला प्रकार काही दिवसांच्या भाकिताचा. तापीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली की भुसावळजवळील हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात आणि ते पाणी खाली गुजरातेतील उकाई जलाशयात पोहोचते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडाव्या लागलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. अशा प्रसंगी दोन दिवस आधी मिळालेली सूचना जलाशयात जागा करून ठेवण्यास उपयोगी पडते. केळीच्या बागांचेही तसेच आहे. मे-जूनमधील वादळी वारे निसवलेल्या बागा आडव्या करतात, उन्हाळ्याचा कडाका पाने करपवितो आणि हिवाळ्यातील थंडी घडांची वाढ रोखते. वाऱ्याची वा थंडीची पूर्वसूचना असेल तर झाडांना आधार देणे, बागेभोवती झापे लावणे, रात्री पाणी देणे, एवढे तरी करता येते.

दुसरा प्रकार हंगामी भाकिताचा. येथे निश्चित उत्तर मिळत नाही. आरंभीच्या आकड्यांत सूक्ष्म फरक असला तरी काही दिवसांनंतर उत्तरे एकमेकांपासून दूर जातात, हे एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ साली दाखविले. म्हणून थोडा थोडा फरक करून तेच गणित अनेकदा केले जाते. समजा, चाळीस वेळा केलेल्या गणितात तीस वेळा पाऊस कमी आला, तर तुटीची शक्यता पाऊणशे टक्के धरता येते. उरलेली दहा उत्तरे खोटी ठरत नाहीत. चार वर्षांतून एक वर्ष तसेही निघू शकते. शिवाय देशाच्या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सर्वसाधारण’ मानला जातो. तो आकडा साऱ्या भारताचा असतो, पारोळा वा शिंदखेडा तालुक्याचा नसतो. एल निनोच्या प्रभावाखालील २०२३ सालचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तरीही हंगामाची अखेरची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के भरली. बेरीज जवळपास पुरी झाली, तरी ऐन वाढीच्या दिवसांत ताण बसलेले पीक त्या बेरजेने सावरत नाही.

तिसरा प्रकार दशकांचा. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. मात्र मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० पासून सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. अशा काळातील पाऊस थोड्या दिवसांत एकवटतो आणि मधले कोरडे दिवस वाढतात. तापमान आणखी वाढल्यास ही प्रवृत्ती बळावेल, असे प्रतिमाने सांगतात. हे उत्तर पेरणीच्या तारखेसाठी नसते. बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद असावा, पुलाची उंची किती ठेवावी, पाणी कोठे व कसे मुरवावे, यांसाठी ते असते.

जमिनीखालील हिशेब

पाणी मुरविण्याचा प्रश्न खानदेशात विशेष महत्त्वाचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांनी व वाळूने भरलेला ‘बझाडा’ पट्टा आहे. डोंगरावरून येणारे पाणी तेथे वेगाने मुरते. यावल, रावेर व चोपडा या तालुक्यांतील केळीची समृद्धी बऱ्याच अंशी याच भूजलावर उभी राहिली. परंतु उपसा वाढत गेल्याने विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. तापीचे पुराचे पाणी या पट्ट्यात मुरविण्याच्या ‘तापी खोरे मेगा रिचार्ज’ योजनेबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत मे २०२५ मध्ये करार झाला.

बहुतेक पृथ्वी प्रणाली प्रतिमानांत मातीचा वरचा काही मीटरांचा थरच तपशिलाने धरलेला असतो. खोल भूजल, त्याचा मानवी उपसा आणि बझाडासारखे स्थानिक प्रकार त्यांत नीटसे उतरलेले नाहीत. म्हणून महासंगणकाचा पावसाचा अंदाज आणि गावातील विहिरींच्या पातळीची नोंद ही दोन्ही एकत्र ठेवल्याखेरीज खानदेशच्या पाण्याचा ताळेबंद पुरा होणार नाही. हीच गोष्ट पर्जन्यमापकाची. उपग्रह, समुद्रातील सुमारे चार हजार तरंगती मापनयंत्रे, वेधशाळांचे फुगे आणि महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे यांच्या नोंदींवरूनच प्रतिमानाचा आरंभ ठरतो आणि त्याची परीक्षाही होते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळी उत्पादकाची भरपाई अशाच केंद्रांच्या नोंदींवर ठरते. केंद्र झाडांच्या सावलीत वा भिंतीच्या आडोशाला असेल, तर नोंद चुकते. आणि चुकलेली नोंद शेतकऱ्याच्या हक्काला व शास्त्राच्या गणिताला सारखीच बाधक ठरते.

अंदाजाचा वापर

अनिश्चित पाण्याचे नियोजन खानदेशला नवे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालील शिवार फडांत वाटलेले असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने वाटावयाचे आणि त्या वर्षी पाणी किती आहे हे पाहून किती फड भिजवावयाचे हे लाभधारकांनी मिळून ठरवावयाचे, अशी ही रीत होती. पाणी बंधाऱ्यात दिसल्यावर हा निर्णय होई. हंगामी भाकितामुळे त्याचा विचार काही आठवडे आधी सुरू करता येतो.

तुटीची शक्यता अधिक असलेल्या वर्षी सर्व रानात एकच पीक न घेता काही क्षेत्रावर मूग, उडीद, ज्वारी यांसारखी कमी मुदतीची पिके घेणे, कापसाच्या लागवडीसाठी जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबणे, मृगबागेचे क्षेत्र विहिरीच्या पाण्याइतकेच ठेवणे, शेततळे आधी दुरुस्त करणे, हे उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. भाकीत चुकून पाऊस चांगला झाला तरी यांतील बहुतेक उपायांनी फारशी हानी होत नाही. मात्र त्यासाठी भाकीत गावापर्यंत पोहोचताना त्याची शक्यता, त्याची मुदत आणि ते किती क्षेत्राचे आहे, या तीन गोष्टी त्यासोबत सांगितल्या गेल्या पाहिजेत. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ एवढेच वाक्य कानावर पडले आणि त्याच भरवशावर कर्ज काढून लागवड झाली, तर दोष गणिताचा नसला तरी नुकसान शेतकऱ्याचे होते. कृषी सहायक, ग्रामपंचायत, पाणीवापर संस्था आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाची धुळे व जळगाव येथील केंद्रे यांच्यामार्फत ही माहिती मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे बी विकत घेण्यापूर्वी, शेतकऱ्याच्या हाती पडणे आवश्यक आहे.